खाडीच्या पाण्यातलं विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य: वर्षभराची मोजणी तारखेवर नको, तिथीवर करा

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी हा प्रकल्प हाती घेतं. खाडीच्या पाण्यातलं विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य बारा महिने मोजायचं आणि ते ऋतूनुसार कसं बदलतं ते दाखवायचं. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहा वाजता ठरलेल्या जेटीवरून पाणी आणलं जातं, प्रयोगशाळेत इमानेइतबारे मोजलं जातं, आणि वर्षाअखेर जो आलेख निघतो त्यात ऋतू शोधूनही सापडत नाही. मार्चमध्ये उगाच चढ, ऑगस्टमध्ये उगाच उतार. मग दोष यंत्राला दिला जातो. माझ्या मते अशा दहातल्या आठ प्रकल्पांत यंत्र ठीक असतं, पण ऋतूच्या आलेखात भरती-ओहोटी घुसलेली असते.

हा लेख तो घोळ टाळून वर्षभराची मोजणी कशी करायची याबद्दल आहे. उदाहरणासाठी मांडवी नदीची खाडी घेतली आहे, कारण तिथे नदी, खारफुटी, शहर आणि उघडा समुद्र असं सगळं एका दिवसात गाठता येतं. वाशिष्ठी, काजळी किंवा तेरेखोलच्या खाडीतही पद्धत हीच राहील, फक्त जागांची नावं बदलतील.

आधी मोजायचं काय ते पक्कं करा

'विरघळलेलं' हा शब्द इथे फिल्टर ठरवतो. काचतंतूच्या ०.७ मायक्रोमीटर फिल्टरमधून किंवा ०.२ मायक्रोमीटरच्या पडद्यातून जे खाली उतरलं ते विरघळलेलं, वर अडकलं ते कणरूप. खाली उतरलेल्यात साखरा, प्रथिनांचे तुकडे, कुजलेल्या पानांतले ह्युमिक पदार्थ, शेवाळाने सोडलेले रस, सांडपाण्यातली सेंद्रिय घाण असं हजारो संयुगांचं मिश्रण असतं. प्रत्येक संयुग वेगळं मोजणं शक्य नाही. म्हणून त्या सगळ्यांतला मिळून कार्बन मोजतात, तो म्हणजे डीओसी (डिझॉल्व्ड ऑरगॅनिक कार्बन).

जगभरच्या समुद्रांत हा कार्बन सुमारे ६६० अब्ज टन आहे. पण एका बाटलीत तो फारच थोडा असतो. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर लिटरमागे ६० ते ८० मायक्रोमोल, खोल समुद्रात ४० च्या आसपास, आणि नद्यांत शंभर ते काही शे. त्याच समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट वगैरे असेंद्रिय कार्बन मात्र २००० मायक्रोमोलच्या घरात. म्हणजे तुम्हाला हवा असलेला कार्बन नको असलेल्या कार्बनच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा. पुढची सगळी धुणी-भांडी आणि सोवळंओवळं या एका प्रमाणामुळे आहे.

कार्बन किती आहे एवढ्यावर मात्र ऋतू कळत नाही. मे महिन्यात शेवाळ आणि खारफुटीमुळे जेवढा डीओसी येतो, जवळजवळ तेवढाच जुलैमध्ये डोंगरावरच्या पालापाचोळ्यातून येऊ शकतो. आकडा सारखा, द्रव्य वेगळं. त्यामुळे डीओसीसोबत पाण्याचा रंग, म्हणजे अतिनील आणि दृश्य प्रकाशाचं शोषण, मोजलंच पाहिजे. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मी रंग निवडेन. त्याला साधा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो आणि तो बहुतेक रसायनशास्त्र विभागांत असतो.

एक वाट मात्र धरूच नका. डीओसीचं यंत्र नाही म्हणून सीओडी, म्हणजे द्रव्याच्या ऑक्सिडीकरणाला किती प्राणवायू लागतो ती परीक्षा, करून भागवू, असा सल्ला हमखास मिळतो. सीओडीच्या परीक्षेतलं डायक्रोमेट क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करतं, आणि समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. मर्क्युरिक सल्फेट घालूनही एवढं क्लोराइड आवरत नाही. जो आकडा येतो तो बहुतांशी मिठाचा असतो.

वेळापत्रक: तारीख सोडा

भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. एक जानेवारीला सकाळी दहाला जिथे ओहोटी, तिथे एक फेब्रुवारीला दहाला भलतीच अवस्था असते. मांडवीच्या मुखाशी उधाणाला पाणी दोनेक मीटर चढतं आणि त्यासोबत खारं पाणी कित्येक किलोमीटर आत जातं, बाहेर येतं. एकाच जेटीवर सहा तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन बाटल्यांतली क्षारता, म्हणजे किलोभर पाण्यात किती ग्रॅम मीठ, पूर्ण वेगळी असू शकते. नदीच्या पाण्यात डीओसी जास्त आणि समुद्राच्या पाण्यात कमी, त्यामुळे तुमचा 'ऋतूबदल' प्रत्यक्षात त्या सहा तासांचा असतो.

उपाय घराच्या भिंतीवर टांगलेला आहे. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट: अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान. अंदाज म्हणून ही रीत आजही चालते. यातून मोजणीसाठी मोठी सोय होते. दर महिन्याला एकच तिथी धरली की भरतीची घड्याळातली वेळ जवळपास तीच राहते, आणि उधाण की भांग ही अवस्थाही तीच राहते. शिवाय ऊन्हाची वेळ तीच. तारखेने यातलं काहीच साधत नाही.

कोणती तिथी? मी वद्य किंवा शुद्ध अष्टमी सुचवेन, म्हणजे भांगाचे दिवस. भांगाला पाण्याची ये-जा कमी असते, त्यामुळे भरतीमुळे येणारा गोंधळही कमी. उधाणाला खारफुटीच्या चिखलातलं पाणी पिळून निघतं, तेही मोजण्यासारखं आहे, पण तो स्वतंत्र प्रश्न आहे. पहिल्या वर्षी दोन्ही एकत्र करू नका. सकाळची भरती संपून पाणी स्थिरावतं त्या अर्ध्या-पाऊण तासात मुखाजवळचा नमुना घ्या आणि मग ओहोटीबरोबर नव्हे, तिच्या पुढे राहून वर सरका.

तिथीने सगळंच जुळतं असं नाही. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. मुंबईची आठवण काढा: पावसाळ्यात मोठ्या भरतीचे इशारे दुपारचे असतात, हिवाळ्यात त्याच मोठ्या भरत्या मध्यरात्रीच्या सुमारास येतात. म्हणून तिथी ठरवली तरी प्रत्यक्ष वेळ आणि उंची भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातून वहीत उतरवा, आणि प्रत्येक बाटलीसोबत क्षारता मोजा. क्षारतेची नोंद नसलेला डीओसीचा आकडा खाडीत निरुपयोगी आहे. हातातला रिफ्रॅक्टोमीटर चालचलाऊ काम करतो, पण एकाचा फरकही धड दाखवत नाही. समुद्राच्या पाण्यापर्यंत पल्ला असलेला वाहकतामापक मिळाला तर तोच घ्या.

जागा: ठिकाणं नव्हे, क्षारता निवडा

ठरलेल्या पाच ठिकाणी थांबून नमुने घेणं सोपं वाटतं. पण जुलैत त्या पाचांतली चार ठिकाणं गोडी असतात आणि मेमध्ये चार खारी, मग तुलना कशाची करणार? त्याऐवजी दर फेरीत क्षारतेच्या पायऱ्या शोधत जा: ० च्या जवळ, मग ५, १०, १५, २०, २५, ३० आणि मिळेल तितकं खारं टोक. मेमध्ये ५ क्षारतेचं पाणी शोधायला बरंच आत जावं लागेल, ऑगस्टमध्ये तेच पणजीसमोर पृष्ठभागावर मिळेल.

मांडवीत ही फेरी बरीचशी फेरीबोटींच्या धक्क्यांवरून करता येते. पणजी-बेती, रायबंदर-चोडण, जुनं गोवं-दिवाडी. गोडं टोक म्हणून गांजेची जागा चांगली, तिथे नदीच्या प्रवाहाची मोजणीही होते. धक्क्यावर एक पथ्य पाळा. बोट लागली की तिच्यामागे डिझेलचा पातळ तवंग येतो. बोट सुटून पाणी वाहून गेल्यावर, धक्क्याच्या ज्या अंगाने प्रवाह येतो त्या अंगाने, तवंगाखाली हातभर खोल नमुना घ्या. चोडणच्या खारफुटीत शिरायचं असेल तर तिथे पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी आधी काढा.

पावसाळ्यात दोन अडचणी येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे ओळखीचा तांडेल असला तरी ट्रॉलर समुद्रात जाणार नाही. आणि आग्वादच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, तिथे लाटा फुटतात. त्या दिवसांत मुखातून बाहेर जायचा विचारसुद्धा करू नका. मग समुद्राचं टोक कुठून आणायचं? खालून. पावसाळ्यात खाडी थरांची होते, वर गोडं पाणी आणि तळाशी समुद्राचं. भरतीला पणजीजवळच्या खोल भागात निस्किन बाटली (ठरावीक खोलीवर बंद करता येणारी नमुना-बाटली) तळापासून मीटरभर वर उघडली की पृष्ठभागापेक्षा कितीतरी खारं पाणी हाती लागतं. ते अगदी समुद्राचं नसतं, पण शेवटी नदी आणि समुद्राचे आकडे जोडणारी जी रेषा काढायची, तिचं एक टोक बांधायला पुरतं. म्हणूनच जून ते ऑक्टोबर दरम्यान प्रत्येक ठिकाणी वरचा आणि तळाचा असे दोन नमुने लागतात. फेब्रुवारी ते मे वरखाली फारसा फरक नसतो. तेव्हा एकाने भागतं.

वर्षात काय दिसायला हवं

जे शोधायचं ते आधी माहीत असेल तर फेऱ्या योग्य वेळी पडतात. समशीतोष्ण किनाऱ्यांवर, उदाहरणार्थ युरोपात, वसंतात शेवाळ फुलतं आणि उन्हाळ्याअखेर पृष्ठभागावर डीओसी साठलेला दिसतो. पुस्तकांतली चित्रं बहुतेक त्याच पाण्यांची आहेत. आपल्याकडे वर्ष मोसमी पावसाभोवती फिरतं.

मे महिन्यात खाडी आतपर्यंत खारी आणि ढवळलेली असते. पाणी कित्येक आठवडे आतल्या आत रेंगाळतं, वर ऊन कडक. ऊन रंगीत सेंद्रिय द्रव्य फिकं करतं: डीओसी फार कमी न होता रंग उडतो. याच सुमारास बाहेर समुद्रात ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळाचे तांबूस-पिवळट भुशासारखे पट्टे दिसतात. ते कुजू लागले की पाण्यात ताजं सेंद्रिय द्रव्य सुटतं. असा पट्टा दिसला तर वहीत नोंदवा आणि त्यातला नमुना वेगळा ठेवा, महिन्याच्या सरासरीत मिसळू नका.

मग पहिला पाऊस. आठ महिने कोरड्या पडलेल्या जमिनीवरचा पालापाचोळा, शेणखत, गटारातला साठा सगळं एकदम खाली येतं. नदीचं पाणी सर्वांत रंगीत होतं ते बहुधा इथे, जुलै-ऑगस्टच्या मोठ्या पुरात नव्हे, कारण पुढे पाणी वाढत जातं आणि धुऊन यायचं ते बरंचसं येऊन गेलेलं असतं. तुमची अष्टमी या पहिल्या पुराला गाठेल याची शाश्वती नाही. म्हणून जूनमध्ये तिथीच्या फेरीव्यतिरिक्त एक जादा फेरी राखून ठेवा: नदी पहिल्यांदा गढूळ झाली की एक-दोन दिवसांत, फक्त गांजे आणि पणजी. ही फेरी तिथीच्या मालिकेत धरायची नाही, शेजारी वेगळ्या खुणेने दाखवायची.

इथे रंगाबद्दल सावध राहा. पावसाळ्यातली मांडवी तांबडी दिसते ती मुख्यतः जांभ्याच्या मातीमुळे, आणि ती माती फिल्टरवर अडकते. गाळल्यावर उरतो तो फिकट चहाचा रंग सेंद्रिय द्रव्याचा. पण त्यातही सगळा नाही. अतिसूक्ष्म लोह फिल्टरमधून निसटतं आणि अतिनील प्रकाश शोषून घेतं. खनिजपट्ट्यातून येणाऱ्या नदीत हे गृहीतच धरा आणि गोड्या टोकाच्या काही नमुन्यांत विरघळलेलं लोह मोजून घ्या.

ऑगस्ट ते ऑक्टोबर उघड्या समुद्रात वेगळंच नाट्य चालतं. खोलातलं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याच्या उथळ भागात वर सरकतं, पण वर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसलेला असतो. खाली प्राणवायू संपत जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याजवळच्या तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइडही आढळलं आहे. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या ठरावीक जागी १९९० च्या दशकाअखेरपासून वर्षानुवर्षं जी मोजणी चालवली, तिच्यातून हे वार्षिक चक्र नीट कळलं. आपल्या खाडीच्या तळाशी भरतीबरोबर तेच पाणी शिरतं. म्हणून या महिन्यांत तळाच्या नमुन्यासोबत विरघळलेला प्राणवायू मोजा, नाहीतर तळाच्या सेंद्रिय द्रव्याचा बदल कशामुळे ते सांगता येणार नाही.

हिवाळा तुलनेने शांत. एवढं लक्षात ठेवा की पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह तेव्हा उत्तरेकडे वळतो आणि बंगालच्या उपसागराकडचं थोडं कमी खारं पाणी इकडे आणतो. म्हणजे तुमचं समुद्राचं टोकसुद्धा वर्षभर तेच नसतं, ते दर फेरीत नव्याने मोजावं लागतं.

भांडी

काचेच्या ४० मिलिलिटरच्या बाटल्या, टेफ्लॉनचं अस्तर असलेली झाकणं. बाटल्या आधी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर, मग शुद्ध पाण्याने तीन-चारदा, मग ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळून ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत चार तास. काचतंतूचे फिल्टरही पत्र्यात गुंडाळून ४५० अंशाला चार तास. त्याहून जास्त तापवले तर तंतू आकसतात आणि छिद्रं बदलतात. झाकणं भट्टीत जात नाहीत, ती आम्लात भिजवून धुवायची.

आता माणसांकडे या. होडीवर घाण आणतो तो माणूसच. हातावर चोळलेलं सॅनिटायझर म्हणजे अल्कोहोल, म्हणजे निव्वळ सेंद्रिय कार्बन. डासांचं मलम तसंच. बिडी-सिगारेटचा धूर, होडीच्या इंजिनाचा धूर, बाटलीवर लिहायच्या मार्करमधलं द्रावण, आणि हसू नका, केसांना चोपडलेलं खोबरेल तेल. त्या दिवशी नमुना घेणाऱ्याने यातलं काही लावायचं नाही, पावडर नसलेले हातमोजे घालायचे आणि बाटल्यांवर नावं आदल्या दिवशीच लिहून ठेवायची. नाश्ता एकाने आणि नमुना दुसऱ्याने, अशी विभागणी केली तर उत्तम.

गाळणं आणि साठवणं

शक्यतो जागेवरच गाळा, नाहीतर बर्फात अंधारात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत. उशीर झाला की बाटलीतले जिवाणू खायला सुरुवात करतात, आणि ते नेमकं ताजं, चविष्ट द्रव्य आधी संपवतात.

गाळताना ओढ हलकी ठेवा. जोरात पंप लावला की फिल्टरवरच्या शेवाळाच्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातला रस खाली उतरतो. मे महिन्यात शेवाळ भरपूर असताना ही चूक सर्वांत महागात पडते, कारण मग 'उन्हाळ्यात डीओसी वाढला' असा निष्कर्ष निघतो आणि तो तुमच्या पंपाने तयार केलेला असतो. फिल्टर बदलला की पहिले पन्नासेक मिलिलिटर फेकून द्या, मग बाटली त्याच गाळलेल्या पाण्याने विसळा, मग भरा.

प्रत्येक जागी दोन वेगळ्या बाटल्या लागतात, कारण दोघींची साठवण वेगळी. डीओसीच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून सामू २ वर आणा, म्हणजे जिवाणू थांबतात. मग ४ अंशाला अंधारात ठेवा. गोठवायचं असेल तर बाटलीत वर मोकळी जागा सोडा, काच फुटते. रंगाची बाटली ०.२ मायक्रोमीटर फिल्टरमधून गाळलेली, गडद काचेची. तिच्यात आम्ल घालायचं नाही आणि ती गोठवायचीही नाही, कारण दोन्हींमुळे ह्युमिक द्रव्याचं शोषण आणि प्रतिदीप्ती (प्रकाश शोषून परत सोडलेली चमक) बदलते. ती फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात मोजून टाका.

आणि दर फेरीला एक ब्लँक. प्रयोगशाळेतून नेलेलं शुद्ध पाणी होडीवर त्याच साधनांनी गाळा, त्याच बाटलीत भरा, तसंच साठवा. वेळ वाचवायला पहिला बळी याचाच जातो, म्हणून हे ठासून सांगतो आहे.

डीओसी मोजणं आणि ब्लँकचा इतिहास

यंत्र असं चालतं: आम्ल घातलेल्या नमुन्यातून कार्बन डायऑक्साइड नसलेली शुद्ध हवा बुडबुडे काढत सोडतात, त्यामुळे असेंद्रिय कार्बन वायू होऊन निघून जातो. मग शंभरएक मायक्रोलिटर नमुना ६८० ते ७२० अंश तापलेल्या, प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने भरलेल्या नळीत टाकतात. सेंद्रिय कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि अवरक्त संवेदक तो मोजतो. स्टँडर्ड म्हणून पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट. प्रत्येक नमुना तीन ते पाच वेळा टोचायचा आणि फरक दोन टक्क्यांच्या आसपास राहतोय ना ते पाहायचं. खाऱ्या नमुन्यांचं मीठ नळीत साचतं, त्यामुळे एकाच बैठकीत गोडे आणि खारे नमुने आलटून-पालटून घ्या. सगळे गोडे आधी आणि सगळे खारे नंतर घेतले तर यंत्राची सरकण, म्हणजे आकड्यांचं हळूहळू ढळणं, क्षारतेचा परिणाम म्हणून मिरवते.

हा विषय ब्लँकमुळे एकदा चांगलाच पोळला आहे. १९८८ मध्ये सुगिमुरा आणि सुझुकी या जपानी संशोधकांनी नव्या उच्च तापमानाच्या पद्धतीने समुद्रात आधीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त डीओसी असल्याचं छापलं. जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या, आणि १९९१ मध्ये सिॲटलला तुलना झाली तेव्हा एकाच पाण्याचे निरनिराळ्या ठिकाणचे आकडे भलतेच विखुरलेले निघाले. उत्प्रेरकाचा आणि शुद्ध पाण्याचा ब्लँक हे त्यातलं एक मोठं कारण. १९९३ मध्ये सुझुकी यांनी स्वतः ते निष्कर्ष मागे घेतले. त्यानंतर मायामी विद्यापीठाने खोल समुद्राच्या पाण्याचे प्रमाणित नमुने वाटायला सुरुवात केली. त्यांचा डीओसी ४० मायक्रोमोलच्या थोडा वर असतो. तुमच्या यंत्रावर तो नमुना ६० दाखवत असेल, तर तुमच्या खाडीचे सगळे आकडे तेवढेच फुगलेले आहेत. स्वतःचं यंत्र नसेल आणि नमुने बाहेर पाठवत असाल, तर तिथे हा प्रमाणित नमुना चालवतात का, हा पहिला प्रश्न विचारा.

रंग मोजणं

इथे क्वार्ट्झचीच क्युवेट, म्हणजे यंत्रात नमुना ठेवायची पारदर्शक कुपी, हवी. साधी काच आणि प्लास्टिक ३०० नॅनोमीटरच्या आसपास आणि खाली प्रकाश स्वतःच गिळतात. किनारी पाण्याला १० सेंटिमीटर लांबीची क्युवेट घ्या, एक सेंटिमीटरमध्ये समुद्राचा नमुना आणि शुद्ध पाणी यांत फरकच दिसत नाही. नमुना खोलीच्या तापमानाला येऊ द्या, गार बाटलीतून काढलेल्या पाण्याने क्युवेटवर दव धरतं आणि आकडे नाचतात. २०० ते ८०० नॅनोमीटर वर्णपट काढा. ७०० ते ८०० मधली सरासरी सगळ्या वर्णपटातून वजा करा, कारण तिथे सेंद्रिय द्रव्य जवळपास शोषतच नाही, जे दिसतं ते विखुरणं आणि यंत्राची सरकण.

मग शोषण गुणांक: २.३०३ गुणिले यंत्राने दाखवलेलं शोषण, भागिले क्युवेटची लांबी मीटरमध्ये. समजा ३५० नॅनोमीटरला शोषण ०.१० आलं आणि क्युवेट ०.१ मीटरची आहे, तर गुणांक मीटरमागे २.३. हा आकडा द्रव्य किती रंगीत ते सांगतो. ते कुठून आलं हे कळतं वर्णपटाच्या उतारावरून. २७५ ते २९५ या पट्ट्यात शोषणाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन सरळ रेषा बसवा. तिचा उतार जमिनीवरच्या ताज्या द्रव्याचा ०.०१५ च्या आसपास, तर उन्हात फिकट झालेल्या खुल्या समुद्रातल्या द्रव्याचा ०.०३ च्या वर जातो. हाच उतार ३५० ते ४०० च्या पट्ट्यातही काढा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. हे गुणोत्तर १ च्या खाली असेल तर नदीचं वजन जास्त, वर असेल तर समुद्राचं किंवा उन्हाचं. २४० च्या खालचा भाग सोडूनच द्या, तिथे नायट्रेट शोषतं.

प्रतिदीप्तिमापक उपलब्ध असेल तर एक पायरी पुढे जाता येतं. २७५ नॅनोमीटरने चेतवल्यावर ३४० च्या आसपास चमक आली तर ती ट्रिप्टोफॅनसारख्या ताज्या, प्रथिनजन्य द्रव्याची, आणि शहराजवळ ती बऱ्याचदा सांडपाण्याची. ३५० ने चेतवून ४२० ते ४८० ला येते ती जमिनीवरच्या ह्युमिक द्रव्याची. आकडे रामन एककात (शुद्ध पाण्याच्या चमकेच्या पटीत) बदलून घ्या, नाहीतर दोन यंत्रांची तुलना होत नाही. पहिल्या वर्षी यापेक्षा खोलात जायची गरज नाही.

आकड्यांतून ऋतू काढणं

प्रत्येक महिन्याचा वेगळा आलेख: आडव्या अक्षावर क्षारता, उभ्यावर डीओसी. गोडं टोक आणि खारं टोक रेषेने जोडा. सगळे ठिपके रेषेवर बसले तर त्या महिन्यात खाडीत नुसती दोन पाण्यांची सरमिसळ झाली. ठिपके वर गेले तर वाटेत भर पडली: खारफुटी, शेवाळ, सांडपाणी. खाली आले तर वाटेत घट: गाळाबरोबर साकळणं, ऊन, जिवाणू.

उदाहरणादाखल मानलेले आकडे घेऊ. नदीचं टोक २५० मायक्रोमोल, समुद्राचं ३५ क्षारतेला ७५. फरक १७५. मग २० क्षारतेला रेषेवरचा आकडा २५० वजा १७५ चे वीस-पस्तिसांश, म्हणजे १५०. तुम्हाला मिळाले १८०. जादा ३०, म्हणजे अपेक्षेच्या २० टक्के. आता याच नमुन्याचा उतार पाहा. ०.०१६ असेल तर भर जमिनीवरच्या द्रव्याची, बहुधा खारफुटीची. रंग जवळजवळ तोच आणि प्रथिनांची चमक वाढलेली असेल तर शेवाळ किंवा सांडपाणी.

पावसाळ्यात या रेषेवर डोळे झाकून विश्वास टाकू नका. खाडीतलं पाणी काही दिवसांत बदलतं, पण नदीचं टोक पावसाच्या एका सरीने त्याहून लवकर बदलू शकतं. काल वर २५० होतं आणि आज १८० आहे, तर मधले ठिपके कालच्या नदीचे आहेत आणि रेषेच्या वर उगाच फुगवटा दिसतो. तो वाटेतली भर नव्हे. म्हणून जून ते सप्टेंबर दरम्यान फेरीच्या आधीचे दोन-तीन दिवसही गोड्या टोकाची एकेक बाटली भरून ठेवा. गांजेला राहणारा एखादा विद्यार्थी सोबतीला असेल तर याहून स्वस्त उपाय नाही.

शेवटचा आलेख वर्षाचा. आडव्या अक्षावर महिने, आणि उभ्यावर डीओसीचा मूळ आकडा न घेता रेषेपासूनचा फरक, टक्क्यांत. शेजारी दुसरा आलेख गोड्या टोकाच्या डीओसीचा आणि तिसरा खाऱ्या टोकाचा. पहिला खाडी स्वतः काय करते ते सांगतो, दुसरा डोंगर काय पाठवतो ते, तिसरा समुद्र काय आणतो ते. प्रत्येक ठिपक्याला मोजणीतल्या संभाव्य चुकीची पट्टी (एरर बार) लावा: डीओसीचा दोन-तीन टक्के, त्यावर होडीवरच्या ब्लँकचा चढउतार. फरक या पट्टीच्या आत मावत असेल, तर त्या महिन्यात खाडीने भर घातली की घट केली हे लिहू नका. 'सरमिसळ' एवढंच लिहा आणि पुढच्या अष्टमीच्या तयारीला लागा.